पडद्यावरचा पाऊस आणि शिवारातील ओल

पाऊस पडला की नाही, हे शेतकऱ्याने दुसऱ्या कोणास विचारावे असा प्रसंग पूर्वी क्वचित येत असे. अंगण भिजले, ओढ्यास पाणी आले, नांगराच्या फाळास ओल लागली म्हणजे पाऊस पडला, एरवी नाही. सांप्रत ही गोष्ट इतकी सरळ राहिलेली नाही. सकाळी उठून शिवाराकडे जाण्यापूर्वी हातातील मोबाईलच्या पडद्याकडे पाहण्याची सवय आपणांपैकी बहुतेकांस जडली आहे. पडद्यावर ढगांचे पांढरे-तांबडे लोट आपल्या तालुक्यावर आलेले दिसले, म्हणजे बाहेर ऊन असताही मनात बियाण्याच्या पिशव्या उघडू लागतात. उलटपक्षी, डोळ्यांदेखत बांध फुटून माती वाहून गेली, तरी मंडळाच्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाणी भरले नाही, तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरत नाही. म्हणजे एके ठिकाणी न पडलेला पाऊस खरा वाटतो आणि दुसरीकडे पडलेला पाऊस हिशेबात येत नाही. दोन्हीकडे पैसा जातो तो शेतकऱ्याचा. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वीच्या शेतकऱ्यापाशी बातमी देणारी साधने नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडे, मुंग्या अंडी घेऊन उंच जागी निघत, चंद्रास खळे पडे, कावळा घरटे झाडाच्या कोणत्या फांदीवर बांधतो ते म्हातारे लोक पाहून ठेवीत. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते आणि तिची भाकिते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात. या सर्व खुणा बिनचूक होत्या असा आमचा दावा नाही. पुष्कळदा त्या चुकतच. परंतु त्यांच्या चुकण्याचीही शेतकऱ्यास ओळख असे. पावशा ओरडला म्हणून त्याच दिवशी कोणी चाड्यावर मूठ धरली नाही. ओरडणे ऐकून शेतकरी आभाळाकडे पाही, मग मातीत हात घाली, मग शेजाऱ्यास विचारी. बातमी ही चौकशीची सुरुवात असे. हल्ली बातमी रंगीत, आकड्यांसहित आणि गावाचे नाव लावून येते, त्यामुळे चौकशी तिच्यातच झाली असावी असा आपला समज होतो.

न पाहिलेल्या पावसाची बातमी मिळण्याची सोय तारायंत्राने झाली. भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले, आणि ठिकठिकाणची निरीक्षणे तारेने गोळा करून साऱ्या देशाच्या हवेचे एकच चित्र कागदावर मांडणे शक्य झाले. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचे अनुमान काढण्याचा उपक्रम केला आणि 1886 साली पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यांच्या मागून आलेल्या इलियट यांच्या कारकीर्दीत, 1899 साली, अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि पडला तो छप्पनचा दुष्काळ. छापील अंदाज आणि कोरडे शेत यांच्यातील अंतर या देशास प्रथम इतक्या क्रूरपणे दिसले ते त्या वर्षी. पुढे 1928 मध्ये खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात, आणि तेथे हवेचे शास्त्र चालते हे कित्येकांच्या गावीही नसते.

आता ज्या चित्राने आपली सकाळ सुरू होते, ते उपग्रहाचे चित्र काय आहे हे पाहू. इन्सॅट-3डी हा उपग्रह 2013 साली, इन्सॅट-3डीआर 2016 साली आणि इन्सॅट-3डीएस 2024 साली सोडण्यात आला. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतात. तेथून ते जे 'पाहतात' तो पाऊस नव्हे. रात्रंदिवस मिळणारी जी चित्रे आहेत ती उष्णतेच्या किरणांवरून तयार होतात. ढगाचा माथा किती थंड आहे, एवढेच त्यांत मोजलेले असते. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच ढग बहुधा जोराचा पाऊस देतो, असा तो तर्क आहे. या तर्कावर अधिक थंड भागास तांबडा किंवा जांभळा रंग दिला जातो. ढगास स्वतःचा असा रंग नाही. तो रंग यंत्रापाशी बसलेल्या माणसांनी ठरविलेला आहे. पडद्यावरील तांबड्या पट्ट्यास आपण 'पावसाचा पट्टा' म्हणू लागतो, तेव्हा मधल्या दोन-तीन पायऱ्या आपण नकळत उडी मारून ओलांडलेल्या असतात.

हा तर्क कोठे फसतो तेही समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या वादळी ढगाच्या माथ्यापासून बर्फाच्या बारीक कणांचा पसारा वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातो. तो अतिशय थंड असल्याने चित्रात ठळक दिसतो, परंतु त्यातून थेंबही पडत नाही. मराठवाड्यावर व नगर-सोलापूरच्या अवर्षणप्रवण भागावर असे कोरडे पांढरे छत पुष्कळदा दिवसच्या दिवस राहते. याच्या उलट प्रकार कोकणात व घाटमाथ्यावर होतो. तेथील पुष्कळसा पाऊस बुटक्या ढगांतून पडतो. त्यांचा माथा फारसा थंड नसतो, म्हणून चित्रात ते फिके दिसतात आणि खाली मात्र नद्या दुथडी भरून वाहत असतात. शिवाय या चित्रातील एकेक ठिपका सुमारे चार किलोमीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे 1,600 हेक्टरांचा असतो. लहानसे गाव शिवारासकट एका ठिपक्यात मावते. त्या ठिपक्यात आपला गट नंबर शोधणे म्हणजे जिल्ह्याच्या नकाशात आपली विहीर शोधण्यासारखे आहे.

रडारची गोष्ट थोडी वेगळी. ते प्रत्यक्ष थेंबांवरून परत येणारा प्रतिध्वनी टिपते, म्हणून जवळच्या प्रदेशापुरते त्याचे सांगणे अधिक भरवशाचे. परंतु पृथ्वी गोल असल्याने त्याचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून वर सुटतो; 200 किलोमीटर अंतरावर तो साधारण चार किलोमीटर उंचीवरून जातो. तेथे दिसलेले थेंब खाली पोहोचेपर्यंत वाटेतच सुकून जाणे, हे आपल्याकडील उन्हाळी वळवात नित्याचे आहे.

ही झाली घडत असलेल्या हवेची चित्रे. पुढे घडणाऱ्या हवेचे अंदाज गणिताने निघतात, आणि त्यासाठी सारी पृथ्वी चौकटींत वाटावी लागते. भारतीय हवामान खात्याची जागतिक अंदाजपद्धती कित्येक वर्षे 12 किलोमीटरच्या चौकटीवर चालली. मे 2025 मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही 6 किलोमीटरच्या चौकटीची पद्धती सुरू झाली. 12 किलोमीटरच्या चौकटीत 14,400 हेक्टर येतात, 6 किलोमीटरच्या चौकटीत 3,600. सुधारणा मोठी आहे आणि ती आपल्या पुण्यातील उष्णदेशीय हवामान संस्थेच्या हातून झाली याचा आम्हांस अभिमान वाटतो. तरीपण मोबाईलमध्ये आपल्या गावाचे नाव टाकले असता 'दुपारी तीन वाजता पाऊस' असे जे उत्तर मिळते, ते त्या गावासाठी कोणी पाहून दिलेले नसते. आसपासच्या चौकटींचे आकडे घेऊन मधला आकडा यंत्राने काढलेला असतो आणि त्यावर गावाचे नाव चिकटविलेले असते. कित्येक खासगी कंपन्यांच्या अंदाजांत तर चौकट किती मोठी आहे हेही सांगितलेले नसते. गावाचे नाव वाचताच आपला विश्वास दुप्पट होतो. वस्तुतः त्या नावाने अंदाजाची अचूकता तसूभरही वाढलेली नसते.

शेकडेवारीचेही असेच. '60 टक्के पाऊस' याचा अर्थ साठ टक्के शेत भिजेल असा कोणी करतात, कोणी साठ मिलिमीटर पडेल असा करतात. त्याचा खरा अर्थ इतकाच, की अशा प्रकारची हवा असलेल्या दहा दिवसांपैकी सुमारे सहा दिवशी त्या जागी पाऊस पडावा. चार दिवशी पडणार नाही, हेही त्याच वाक्यात सांगितलेले आहे. ते मात्र कोणी वाचीत नाही.

हवामान खात्याच्या पत्रकातील शब्दांस ठरलेले अर्थ आहेत, आणि ते प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करून ठेवावे अशी आमची शिफारस आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे 51 ते 75 टक्के, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे 76 टक्क्यांहून अधिक केंद्रांवर. पत्रकात 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार' असे असते. दुपारपर्यंत वृत्तवाहिनीवर त्याचे 'मराठवाड्यास पाऊस झोडपणार' होते. संध्याकाळपर्यंत तेच वाक्य कोठल्या तरी जुन्या पुराच्या चित्रफितीबरोबर गावच्या मोबाईल-गटात येऊन पडते. मूळ पत्रकात चारातील तीन केंद्रे कोरडी राहू शकतात असे सांगितले होते. खात्याने खोटे सांगितले नाही, वाहिनीनेही पावसाचा शब्द आपल्या पदरचा घातला नाही; परंतु वाटेत 'तुरळक' हा शब्द गळला, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सारा मुद्दा त्या एका शब्दातच होता.

'मान्सून आला' या वाक्याचीही हीच तऱ्हा. केरळात मान्सून दाखल झाल्याचे जाहीर करण्यासाठी 14 केंद्रे ठरलेली आहेत. 10 मे नंतर त्यांपैकी 60 टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो, आणि वाऱ्याच्या व ढगांच्याही काही अटी जुळाव्या लागतात. ही एक शास्त्रीय व्याख्या आहे. तिचा जालना किंवा वाशिम येथील सोयाबीनच्या पेरणीशी थेट काही संबंध नाही. 2025 साली मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईस पोहोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख 11 जून. म्हणजे तो पंधरा दिवसांहून अधिक लवकर आला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे झळकले. त्यानंतर त्याची वाटचाल थबकली, आणि कृषी खात्यास 'पेरणीची घाई करू नका' असे पुनःपुन्हा सांगावे लागले. मथळा वाचून ज्यांनी पेरले त्यांतील कित्येकांवर दुबार पेरणीचे संकट आले. अशा वेळी दोष कोणास द्यावा? 2017 च्या जुलैत बीड जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलीस ठाण्यातच तक्रार दिली होती. अंदाजावर विसंबून पेरले आणि पावसाने ओढ दिली, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ सुशिक्षित लोक त्या तक्रारीस हसले. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. बियाणे, खत, मजुरी मातीत घालून बसलेल्या माणसाने, ज्याच्या शब्दावर घातली त्यास जाब विचारावा, हे स्वाभाविक आहे. फक्त तो शब्द खात्याचा होता, मथळ्याचा होता, की दुकानदाराने पुढे धाडलेल्या निरोपाचा होता, हे आधी निवडून काढावयास हवे होते. देशभराच्या पावसाची सरासरी 87 सेंटिमीटर, आणि तिच्या 96 ते 104 टक्के पडला की तो 'सामान्य' पाऊस. हा साऱ्या देशाचा व चार महिन्यांचा मिळून हिशेब आहे. देशात सामान्य पाऊस होऊनही माजलगावात ज्वारी करपू शकते.

येथवर बातमीने फसण्याचा विचार झाला. परंतु आमच्या मते अधिक गंभीर प्रश्न दुसराच आहे. यंत्राने दाखविलेली गोष्ट आपण खरी मानावी की न मानावी, याची निवड पेरणीच्या वेळी आपल्या हाती असते. नुकसानभरपाईच्या वेळी ती आपल्या हाती राहत नाही. तेथे केंद्रावरचा आकडा हाच पाऊस.

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे 3 कोटी 8 लक्ष हेक्टर आणि महसूल मंडळे दोन हजारांहून अधिक. डोंगर, जंगल, शहरे धरून एका मंडळाच्या वाट्यास सरासरी चौदा-पंधरा हजार हेक्टर येतात. 'महावेध' प्रकल्पाखाली मंडळामंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे काम चांगलेच झाले. पूर्वी तालुक्यास एक मापक असे. तथापि थोडे गणित करून पाहावे. हवामान खात्याच्या नेहमीच्या पर्जन्यमापकाचे तोंड 200 चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सोळा सेंटिमीटर व्यासाच्या थाळीएवढे. तसे एक मापक पंधरा हजार हेक्टरांसाठी धरले, तर मापकात पडलेला एक थेंब बाहेर पडलेल्या साडेसातशे कोटी थेंबांच्या वतीने साक्ष देतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे त्या मापकात अवघे 20 मिलिलिटर पाणी. स्वयंचलित केंद्रात दोन कप्प्यांची एक चिमुकली डोलती बादली असते. एक कप्पा भरला की ती कलते, आणि प्रत्येक कलण्याची नोंद होऊन आकडा आपोआप दूर संगणकाकडे जातो. गाळणीत झाडाचे पान अडकले, कोळ्याने जाळे विणले, पक्ष्याने घाण केली, तर बादली कलत नाही. फारच जोराची सर आली तरी दोन कलण्यांच्या मधले पाणी हिशेबाबाहेर सांडते. वारा असेल तर थेंब तोंडावरून उडून जातात. या सर्व चुका पाऊस कमी दाखविणाऱ्या आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आणि आपल्याकडचा पाऊस कसा पडतो ते कोणी शेतकऱ्यास सांगावयास नको. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे आपण म्हणतो, ते उगीच नव्हे. 2023 च्या ऑगस्टात असा खंड पडला, की 1901 पासूनच्या नोंदींत देशभर तितका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या हंगामात सलग 21 दिवसांचा खंड ठरलेल्या मंडळांत विम्याच्या 25 टक्के आगाऊ रकमेचा प्रश्न उपस्थित झाला, आणि वाद सुरू झाला तो हाच की खंड पडला की नाही. उभे सोयाबीन माना टाकून होते, त्याविषयी कोणाचाच वाद नव्हता. वाद होता केंद्रावर मध्येच एखाद्या दिवशी उमटलेल्या आकड्याविषयी. हवामानशास्त्राच्या व्याख्येने 2.5 मिलिमीटर पाऊस झाला तर तो 'पावसाळी दिवस', 2.4 झाला तर नव्हे. तापलेल्या काळ्या रानात या दोहोंपैकी कोणताही पाऊस पिकाच्या मुळाशी पोहोचत नाही. पण एकाने खंड मोडतो आणि दुसऱ्याने मोडत नाही, असे जेथे ठरते तेथे पीक काय सांगते यास किंमत उरत नाही. फळबागायतदारांचा विमा तर हवामानाच्या आकड्यांवरच उभा आहे. द्राक्षाच्या मण्यास तडे गेले ते केंद्रापासून आठ कोसांवर, आणि केंद्रावर लख्ख ऊन, ही तक्रार नवी नाही. 2025 च्या खरिपापासून राज्याने पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवली. त्यात निदान पीक मोजले जाते, ढग नव्हे. पण तेथेही निवडलेल्या थोड्या तुकड्यांचे वजन साऱ्या मंडळाच्या नावाने बोलते, हा मूळ प्रश्न राहतोच.

पिकाच्या नोंदीचेही आता असेच झाले आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने चावडीत बसून मागील वर्षाचेच पीक पुढे चालविले अशी तक्रार असे, आणि ती पुष्कळ अंशी खरी होती. आता शेतकरी स्वतः गटात उभा राहून पिकाचे छायाचित्र काढतो व तेच सातबाऱ्यावर चढते. ही सुधारणा आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याच्यापाशी चांगला मोबाईल नाही, ज्याच्या खोऱ्यात जाळे पोहोचत नाही, किंवा मुदतीत ज्याचे चित्र चढले नाही, त्याची उभी तूर हमीभाव केंद्राच्या दारात तूर राहत नाही. तिला कागदावर जन्मच मिळालेला नसतो.

बातमीच वास्तव कसे घडविते याचा सर्वांत कडू अनुभव कुक्कुटपालकांनी घेतला आहे. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडीच्या मांसातून कोरोना पसरतो अशी चित्रे व निरोप मोबाईलवरून वणव्यासारखे पसरले. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने व अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खुलासे केले. फेब्रुवारीच्या अखेरीस हैदराबादेत तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर उभे राहून कोंबडी खाऊन दाखविली. उपयोग थोडा झाला. गिऱ्हाईक घटले, पक्षी उत्पादन खर्चाच्या खाली विकावे लागले, कित्येकांनी फुकट वाटले, काहींनी जिवंत पुरले. कोंबडी खाणे कमी झाले म्हणून मक्याच्या व सोयाबीनच्या पेंडीच्या मागणीसही धक्का बसला, म्हणजे ज्याने कधी कोंबडी पाळली नाही अशा शेतकऱ्यापर्यंत ती अफवा पोहोचली. बातमी अगदी खोटी होती, पण पडलेला भाव अगदी खरा होता. येथे 'आम्ही असल्या बातमीवर विश्वास ठेवीत नाही' असे म्हणून शेतकऱ्याची सुटका नाही. त्याने विश्वास ठेवला नाही, तरी गिऱ्हाइकाने ठेवला की पुरे. कांद्याच्या भावाविषयी येणाऱ्या निरोपांकडेही आम्ही याच दृष्टीने पाहतो. 'उद्या भाव कोसळणार' हे सर्वांनी एकदम वाचले आणि सर्वांनी एकदम गाड्या भरल्या, तर भाव कोसळतोच.

यावरून यंत्रे टाकून द्यावी असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्या पंगतीस बसणार नाही. विजेची पूर्वसूचना देणारी 'दामिनी' ही सोय पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने केली आहे. शेतात राबणाऱ्या मनुष्याने तिची सूचना मिळताच झाडाखालून निघून घर गाठावे, तेथे शंका काढीत बसू नये. चुकीच्या सूचनेने तासभर काम बुडते, न मानलेल्या सूचनेने जीव जातो. पेरणीचे गणित याच्या उलट आहे. तेथे दोन दिवस थांबण्याने फारसे बिघडत नाही, आणि घाईने मात्र सारे बियाणे जाते. कोणत्या बातमीवर किती लवकर विसंबावे, हे बातमी किती ठळक आहे यावर नव्हे, तर चुकल्यास काय जाईल यावर ठरवावे, असे आमचे मत आहे.

या संबंधात पुणे आकाशवाणीने 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने केलेला एक प्रयोग आठवतो. पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत श्रोत्यांची मंडळे केली होती आणि त्यांच्यासाठी शेतीविषयक 20 कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करून, जे ऐकले त्यावर मंडळींनी तेथेच बसून चर्चा करावयाची, आपल्या शंका केंद्राकडे कळवावयाच्या, आणि पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे यावयाची, असा क्रम होता. आम्हांस त्या प्रयोगातील मोलाची गोष्ट वाटते ती रेडिओ बंद करण्याची. एकाने ऐकलेले वीस जणांच्या अनुभवाच्या चाळणीतून निघत असे. 'आमच्या बरड रानात हे चालणार नाही' असे म्हणणारा कोणी तरी तेथे हजर असे. मोबाईलवर प्रत्येक जण एकटा वाचतो आणि बोट फिरवून पुढे धाडतो. गटात दोनशे माणसे असतात खरी, पण मुरमाड रानाचा माणूस काळ्या रानाच्या माणसाशी तेथे बोलत नाही.

तेव्हा आमची सूचना लहानशी आहे आणि खर्चाची मुळीच नाही. प्रत्येक शिवारात निदान एका शेतकऱ्याने आपला पर्जन्यमापक ठेवावा. विकत घेतला तर उत्तमच. नाही तर सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा कोणताही काचेचा किंवा पत्र्याचा डबा चालतो. कडा सरळ असल्या म्हणजे तोंड लहान-मोठे असण्याने फरक पडत नाही; आत जितके मिलिमीटर पाणी साचले तितका पाऊस. तो उघड्या जागी, तोंड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर उंच राहील असा पक्का बसवावा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावे, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे, आणि मोजून पाणी ओतून टाकावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी, हा हिशेब ध्यानात राहिला की आकड्यास वजन येते.

वहीत पाच रकाने आखावे: तारीख, आपला पाऊस, मंडळाच्या केंद्राचा पाऊस, आदल्या दिवशीचा अंदाज, आणि कुदळीने उकरून पाहिलेली ओल किती बोटे खोल गेली ती. शेवटचा रकाना कंटाळा करून सोडू नये. कृषी खाते 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असे सांगते, पण तितका पाऊस हलक्या रानात किती खोल जातो आणि भेगाळलेल्या काळीत किती, हे याच रकान्यात दिसेल. ही वही पंचनाम्याची जागा घेणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एका मंडळातील दहा गावांच्या दहा वह्या, तीन हंगाम चुकल्यावाचून ठेवलेल्या, केंद्राच्या आकड्याशेजारी मांडल्या, तर केंद्राची जागा बदलून मागण्यास किंवा दुसरे केंद्र मागण्यास बोलावयास काही तरी हाती राहील. ज्या वाचकांनी या मृगापासून अशी वही सुरू केली असेल, त्यांनी दिवाळीनंतर तिची नक्कल आमच्याकडे पाठवावी. मंडळाच्या आकड्यांशी ताडून ती या मासिकात छापण्याची व्यवस्था आम्ही करू. पाठविताना गाव, मंडळ, जमिनीचा प्रकार आणि मापक कोणत्या डब्याचा केला आहे, हे लिहिण्यास विसरू नये.